बाबा, तुमची सुट्टी कधी संपते?

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय 41. गेल्या दोन वर्षांत सलग सुट्टी अशी घेतलीच नव्हती. या वेळी भांडून बारा दिवस मिळवले. मुलांच्या शाळेलाही सुट्टी आहे. बायकोला रजा मिळाली नाही, ती घरूनच काम करते. कुठे जायचं नाही, घरीच राहायचं आणि मुलांना मनसोक्त वेळ द्यायचा असं मी ठरवलं होतं.

त्यासाठी आधी बसून वेळापत्रक केलं. सकाळी व्यायाम, मग एकत्र वाचन, दुपारी बोर्डगेम, संध्याकाळी फिरणं, रात्री सिनेमा. फ्रिजवर लावलं. पहिल्या दिवशी सगळे उत्साहात होते. दुसऱ्या दिवशी मुलाची (वय 5) नखं कापायला घेतली, तर त्यातच अर्धा तास गेला. तो प्रत्येक बोटाला एकेक नाव ठेवत होता आणि नाव ठरल्याशिवाय नख कापू देत नव्हता. पुढचं सगळं कोलमडलं. मुलगी (वय 11) बोर्डगेमला बसते, पण चेहरा असा की शिक्षाच भोगतेय. वडील (वय 74) जुन्या खिळ्या-स्क्रूंचा डबा घेऊन खिडकीशी निवडत बसतात. परवा म्हणाले, "ये, बस." मला "आत्ता नको, मुलांसोबत आहे" असं सांगावं लागलं. बायको म्हणते, मी घरी असलो की तिला घर दुप्पट वाटतं.

काल रात्री मुलीनं विचारलं, "बाबा, तुमची सुट्टी कधी संपते?" मी हसण्यावारी नेलं, पण झोप लागली नाही. आज चौथा दिवस. सारखा हात मोबाईलकडे जातो. ऑफिसचा मेल बघितला की उलट बरं वाटतं आणि त्याचीच लाज वाटते. लोक म्हणतात, घरातल्या छोट्या छोट्या गोष्टींत आनंद असतो. मला तो दिसत का नाही? मी कोरडा माणूस आहे का?

— सुट्टीवरचा बाबा

* * *

प्रिय सुट्टीवरचे बाबा,

कोरड्या माणसाला मुलीच्या एका प्रश्नानं झोप उडत नाही. तेव्हा ते सोडा.

मुलीच्या प्रश्नाबद्दल आधी बोलू, कारण तो तुम्हाला फारच लागलेला दिसतो. अकरा वर्षांची मुलं बहुतेक वेळा जे विचारायचं असतं तेच विचारतात. सुट्टी कधी संपते म्हणजे तारीख किती. आता तिला ती तारीख का हवी होती, हे दोघांपैकी कुणालाच सांगता येणार नाही. फ्रिजवरच्या कागदातून सुटका कधी, हे तिला बघायचं असेल. किंवा बाबा अजून किती दिवस घरात सापडणार, याचा हिशोब ती करत असेल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुम्ही तारीख सांगितली असती तर कदाचित पुढचं वाक्य आलं असतं. हसण्यावारी नेलंत म्हणून ते आलं नाही. बिघडलं काही नाही, आज सांगा. "अजून आठ दिवस आहेत" एवढंच. पुढे "का गं विचारलंस?" असं शेपूट जोडू नका.

आता तुमच्या पत्राकडे वळते. तुम्ही विचारता, छोट्या गोष्टींतला आनंद दिसत का नाही. आणि ज्या पत्रात हे विचारता, त्याच पत्रात तो दोनदा येऊन गेलाय. दोन्ही वेळा तुम्ही तो तक्रारीच्या खात्यात मांडलाय.

एक, नखं. पाच वर्षांचा मुलगा आपला हात तुमच्या हातात देऊन अर्धा तास बसतो, दर बोटाचं बारसं करतो आणि तुमची मान्यता मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही. याहून जास्त तुम्ही सुट्टीकडून काय मागितलं होतं? पण तुमच्या कागदावर ती वेळ वाचनाची होती, म्हणून तो अर्धा तास "त्यातच गेला". दुसरा, तुमच्या वडिलांचा डबा. 74 वर्षांचा माणूस दोन शब्दांत सांगतो, "ये, बस." तुम्ही मुलांसोबत होतात हे खरं. पण मुलांना घेऊन त्या डब्याशी बसायला काय हरकत होती? निरनिराळ्या मापांचे स्क्रू एकावेळी एकच बोटात धरून बघणं, हे पाच वर्षांच्या मुलाला कुठल्याही बोर्डगेमपेक्षा आवडेल. आजोबांना मदतनीस मिळेल. तुम्हाला नुसतं बसायला मिळेल. तीन पिढ्यांचा कार्यक्रम विनाखर्च, विनाआमंत्रण खिडकीशी चाललेला होता आणि आयोजक मात्र आत दुसरा कार्यक्रम भरवत होते.

रागावू नका. मी हे टोचून बोलतेय, कारण मीही याच गाळात रुतलेली होते. ते पुढे सांगते.

तुमची चलबिचल, मोबाईलकडे जाणारा हात, मेल बघितल्यावर वाटणारं बरं, यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. शंभरेक वर्षांपूर्वी, 1919 साली, शांडोर फेरेन्त्सी या हंगेरियन मनोविश्लेषकानं आपल्या काही रुग्णांबद्दल लिहून ठेवलंय. आठवडाभर ठणठणीत असणाऱ्या या माणसांना नेमकं रविवारी डोकं दुखायचं, पोट बिघडायचं, उदास वाटायचं. त्यानं या प्रकाराला रविवारचं दुखणं म्हणून वेगळं नावच दिलं. म्हणजे मोबाईल नव्हता, मेल नव्हता, तरी कामातून सुटलेला माणूस कासावीस होतच होता. कामाच्या दिवशी आपण कोण आहोत हे दर दहा मिनिटांनी कुणीतरी सांगत असतं. सही हवी, उत्तर हवं, निर्णय हवा. घरी ते बंद होतं. मेल उघडला की ती खूण परत मिळते, म्हणून बरं वाटतं. घरच्यांवर प्रेम कमी आहे असा त्याचा अर्थ लावू नका.

शिवाय, आज चौथाच दिवस आहे. जेसिका द ब्लूम या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये नोकरदार लोकांच्या लांब सुट्ट्यांचा अभ्यास केला होता. सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर त्यांना कसं वाटतं याची नोंद ठेवली. लोकांना सर्वांत बरं वाटलं ते सुट्टीच्या आठव्या दिवसाच्या आसपास. अभ्यास लहान होता, पन्नासेक माणसांचा, त्यामुळे आठव्या दिवशी सकाळी उठून आनंदाची वाट बघत बसू नका. पण एवढं त्यातून नक्की घ्या की शरीर आणि डोकं कामातून बाहेर यायला काही दिवस घेतात. तुम्ही चौथ्या दिवशी निकाल लावून मोकळे झालात. ऑफिसात तुम्ही नव्या माणसाला चौथ्या दिवशी नापास करता का?

(त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कटू आहे. कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळं पूर्वपदावर आलं होतं. त्याचं काय करायचं, ते शेवटाकडे बघू.)

आता वेळापत्रक. वेळापत्रक वाईट असतं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात सगळ्यांनी मिळून ते केलेलं असतं तिथे ते मजेचंही असतं. पण तुमचं तसं नव्हतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग आणि त्यांची सहकारी शार्लोट फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये, कामाचा शीण नेमका कशानं उतरतो याच्या चार गोष्टी मांडल्या. डोक्यातून काम निघून जाणं. अंग-मन सैल पडणं. काहीतरी नवं शिकण्याचा, जमण्याचा आनंद. आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. चौथीकडे बघा. तुमच्या कागदामुळे वेळ तुमच्या हातात आला, हे खरं. पण त्याच कागदामुळे तो मुलांच्या हातातून गेला, आणि सुट्टी तर त्यांचीही होती. मुलीच्या चेहऱ्यावरची शिक्षा बोर्डगेमची नव्हती. तिची दुपार तिला न विचारता वाटली गेली होती.

मला वाटतं, गोंधळ "मुलांना वेळ देणे" या शब्दांपासूनच सुरू होतो. देणारा आला की घेणारा आला, मग दिलेल्याचं चीज झालं पाहिजे हे आलं, आणि ते झालं नाही की रुसणं आलं. आपल्या भाषेत दुसराही एक शब्द आहे: वेळ घालवणं. त्यात वाया घालवणंही येतं आणि कुणाच्या सोबतीनं घालवणंही येतं. घरातला निवांतपणा बहुधा या दोन अर्थांच्या मधेच कुठेतरी असतो. तुम्ही वेळ देणं थांबवा, थोडा घालवा.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या पायाचं हाड मोडलं आणि साडेतीन आठवडे प्लास्टरात गेले. त्याआधी मी अशी बाई होते की रजा काढली की घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. कपाटं उपसायची, मुलीच्या अक्षराला वळण लावायचं, सगळ्यांनी एकत्र बसून काहीतरी "छान" करायचं. प्लास्टरमुळे यातलं काहीच करता येईना. दिवसभर बैठकीच्या खोलीत एका खुर्चीवर, पाय स्टुलावर. पहिले चार-पाच दिवस मी कुणाला बोलायचं बाकी ठेवलं नाही. मग बोलूनही थकले.

आणि त्यानंतर एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, येता-जाता माझ्या खुर्चीपाशी थांबायला लागली. आधी नुसती प्लास्टरवर पेनानं रेघोट्या मारायची. मग रेघोट्या मारता मारता वर्गातल्या दोन मुलींच्या भांडणाची हकीकत सांगायला लागली. भांडण बरंच जुनं आणि गुंतागुंतीचं होतं. त्यात एक हरवलेली पट्टी होती, एक चिठ्ठी होती, आणि एक तिसरी मुलगी होती जी दोघींना वेगवेगळं सांगायची. मला ती हकीकत रोज थोडी थोडी करत अकरा दिवसांत कळली. त्याआधी वर्षभर मी रोज विचारत होते, "आज शाळेत काय झालं?" आणि रोज उत्तर मिळत होतं, "काही नाही."

मी काही युक्ती केली नव्हती. मी फक्त हलत नव्हते. न हलणाऱ्या माणसाजवळ मुलं येतात, जशी पाखरं खांबावर येऊन बसतात. आपण सारखे कुठेतरी निघालेले असतो, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका कामातून दुसऱ्या कामात. सुट्टीत तर जास्तच. मुलांना निघालेला माणूस ओळखता येतो आणि ती त्याला अडवत नाहीत.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला असा की दिवसातून काही वेळ घराच्या वर्दळीच्या जागी बसून राहा. आतल्या खोलीत नाही, गॅलरीत नाही. जिथून सगळ्यांना जावं-यावं लागतं तिथे. हातात मोबाईल नको. पण रिकाम्या हातानंही बसू नका, कारण रिकाम्या हातानं बसलेला बाप मुलांना संशयास्पद वाटतो. हातात एखादं संथ, कंटाळवाणं काम असू दे. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. बुटांना पॉलिश. तुटलेली बटणं. तुमच्या घरात तर आयता डबा आहे.

आणि घड्यांवरून तुमच्या बायकोचा विषय. तुमच्या पत्रात मुलाबद्दल आहे, मुलीबद्दल आहे, वडिलांबद्दल आहे, स्वतःबद्दल तर बरंच आहे. ज्या बाईला रजा मिळाली नाही तिच्याबद्दल दोन वाक्यं आहेत, आणि दुसरं तिचीच तक्रार सांगणारं आहे. ती म्हणते घर दुप्पट वाटतं, तर तिच्यावर विश्वास ठेवा. घरातून काम करणाऱ्या बाईच्या घरात दिवसभर व्यायाम, वाचन, बोर्डगेम आणि सिनेमा भरला तर पसारा कुणी आवरला? जेवणं कुणी बघितली? मिटिंग चालू असताना "हळू बोला" हे कुणाला सांगावं लागलं? हे मी पत्रात वाचलेलं नाही, ओळींच्या मधून वाचतेय. चुकत असेन तर माफ करा.

चुकत नसेन, तर आज संध्याकाळी तिला "काही मदत करू का?" असं विचारू नका. मदत या शब्दात काम तिचंच राहतं आणि तुम्ही पाहुणे ठरता. शिवाय काय मदत हवी ते शोधून सांगायचं आणखी एक काम तिच्या डोक्यावर येतं. त्याऐवजी विचारा की उरलेल्या आठ दिवसांत कुठलं एक काम पूर्णपणे माझं? ते तिला ठरवू द्या. मग ते काम तुमच्या पद्धतीनं, तुमच्या वेगानं, तिला एकदाही न विचारता पार पाडा. टॉवेल कुठे ठेवायचे ते कपाट उघडून बघितलं की कळतं. यात आनंद कुठे आला असं तुम्ही म्हणाल. बघा तर खरं. दुपारी तिनं लॅपटॉप मिटला आणि तिच्या डोक्यात पुढचं काम नव्हतं, अशी वीस मिनिटं जरी निघाली तरी ती वीस मिनिटं तुम्ही दोघं कशी बसता ते बघा. मुलांचं बालपण निसटून जातं म्हणून आपण एवढे हळहळतो. शेजारी बसलेलं माणूस तर त्याहून मुकाट्यानं निसटत असतं.

मुलीसाठी काही वेगळं करू नका. या वयातल्या मुलांशी समोरासमोर बसून गप्पा मारायला गेलं की त्यांना चौकशी चाललीय असं वाटतं. शेजारी शेजारी चालताना, भांडी पुसताना, एकाच दिशेला बघत असताना ती बोलतात. नजर चुकवायची सोय हवी. तिला जे येतं आणि तुम्हाला येत नाही असं काहीतरी शोधा आणि खरोखर शिका. चित्र काढणं असेल, एखादा मोबाईलवरचा खेळ असेल, कागदाच्या घड्या घालून पक्षी करणं असेल. वर ज्या चार गोष्टी सांगितल्या त्यातली तिसरी, नवं शिकण्याची, इथे तुमच्या पदरात पडते. आणि बापाला काहीतरी जमत नाहीये हे जवळून बघण्याचा आनंद तिच्या पदरात. तिनं एखाद्या दिवशी दार लोटून घेतलं तर घेऊ द्या. सुट्टी तिचीही आहे, हे आता तुम्हाला पुन्हा सांगत नाही.

मोबाईलचं काय? "बंद करून ठेवा" असं सांगणं सोपं आहे. पण तुम्ही तो ठेवणार नाही, मग लपून बघाल, मग आणखी लाज. तेव्हा उघड बघा. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, पंधरा-वीस मिनिटं, टेबलाशी बसून. बाकी वेळ तो दुसऱ्या खोलीत. कारण मेल बघायला दोन मिनिटंच लागतात, पण तो डोक्यातून लगेच जात नाही. सोफी लरॉय या संशोधिकेनं 2009 मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट टाकून आपण दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच अडकून राहतो. भांडं उपडं केलं तरी तळाशी चिकटलेला गाळ उरतो, तसं. तुम्ही मुलासमोर बसलेले असता आणि गाळ ऑफिसचा असतो. त्याला ते कळतं. म्हणून तर तो नाव ठरल्याशिवाय नख कापू देत नसावा. तुम्हाला थांबवून ठेवायचा त्याला सापडलेला हा एकच उपाय असेल.

फोटोंबद्दलही थोडं, कारण मोबाईल "आठवणीसाठी" म्हणून परत हातात येतो. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी, ज्यांचे फोटो काढले होते त्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. कॅमेऱ्यानं लक्षात ठेवलं, मग आपण कशाला ठेवा, असं डोकं ठरवून टाकत असावं. फोटो काढूच नका असं नाही. एक काढा आणि ठेवून द्या.

त्यापेक्षा एक वही करा. यावर मी जरा अडून बसणार आहे, कारण या सगळ्यात मला मनापासून पटलेली गोष्ट हीच आहे. टिंग झांग या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना चालू दिवसांतल्या साध्या गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या. नुकतंच कुणाशी काय बोलणं झालं, कुठली गाणी ऐकतो आहोत, असलंच. सोबत, तीन महिन्यांनी हे परत वाचायला तुम्हाला किती उत्सुकता वाटेल, असंही विचारलं. लोकांचा अंदाज कमी निघाला. प्रत्यक्ष वाचताना त्यांना वाटलं होतं त्याहून जास्त मजा आली. त्यातली खरी गंमत पुढे आहे. जोडीदारांबरोबरच्या एका खास दिवसाची आणि एका अगदी रोजच्यासारख्या दिवसाची नोंद करून घेतली, तेव्हा लोकांचा अंदाज जास्त चुकला तो साध्या दिवसाबद्दल. खास दिवस आठवेल हे आपल्याला माहीत असतं. साधा दिवस आठवावासा वाटेल, हे तो चालू असताना कळतच नाही.

तुमचा प्रश्न होता, मला तो आनंद दिसत का नाही. हे बऱ्याच अंशी त्याचं उत्तर आहे. त्याचा बराचसा भाग त्या क्षणी दिसण्यासारखा नसतोच. नखं कापताना तुम्हाला कंटाळा आला असेल, पाठ दुखली असेल, घड्याळ दिसत असेल. ते सगळं खरं. म्हणून रोज रात्री तीन-चार ओळी लिहा. भारी काही नको. कोण काय बोललं, शक्य तितकं त्याच शब्दांत. कोण कुठे बसलं होतं. कशावरून भांडण झालं, तेही. "आज खूप छान दिवस गेला" हे वाक्य वहीत चालणार नाही, कारण तीन महिन्यांनी त्यातून काहीच निघत नाही. आणि कृपा करून मुलांना ही वही लिहायला लावू नका, फ्रिजवर तिचा तक्ता करू नका. मी तुम्हाला ओळखायला लागलेय.

काही दिवस वहीत लिहिण्यासारखं काहीच नसेल. मुलं चिडचिड करतील, वडील तोच किस्सा परत सांगतील, तुम्हाला ऑफिस आठवेल. घर म्हणजे हे सगळं, त्यातून फक्त गोड तेवढं चाळून घेता येत नाही. मात्र सुट्टी अर्धी उलटूनही झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, कामावर परत जायच्या नुसत्या विचारानंही जीव घाबरा होत असेल, तर तो सुट्टीचा प्रश्न नाही. डॉक्टरांकडे जा. पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण पत्रात सगळं येत नाही.

राहिलं परतल्यानंतरचं. सुट्टीचा परिणाम आठवड्याभरात विरतो म्हटलं होतं. तो विरणारच, त्याच्याशी झगडू नका. एवढं करा की या बारा दिवसांतली एकच लहानशी गोष्ट उचलून नेहमीच्या आठवड्यात ठेवा. एकच. दर रविवारी सकाळी मुलाची नखं तुम्ही कापायची, लागेल तेवढा वेळ घेऊन. किंवा रोज रात्री कपड्यांच्या घड्या खुर्चीत बसून तुम्ही घालायच्या. वर्षभराची ऊब बारा दिवसांत भरून ठेवता येत नाही, आणि तसा प्रयत्न केला की त्याचं वेळापत्रक होतं. शेवटच्या संध्याकाळी मात्र मेल उपसत बसू नका. ती संध्याकाळ वडिलांच्या डब्याला द्या. त्यांनी बोलावून दहा दिवस तरी झालेच असतील तोवर, आणि ते पुन्हा बोलावतीलच असं नाही. खरं तर शेवटच्या संध्याकाळपर्यंतही थांबू नका. हे वाचून झालं की जा.

फ्रिजवरचा कागद काढताना भाषण नको. चुपचाप काढा. मागच्या कोऱ्या बाजूवर पहिल्या दिवसाची नोंद होईल.

आणि एक राहिलंच. मुलानं बोटांची नावं ठेवली असं तुम्ही लिहिलंत, पण एकही नाव लिहिलं नाहीत. मला तेव्हापासून चैन नाही. आठवत नसतील तर त्याला विचारा, तो सांगेल. निदान करंगळीचं तरी कळवा.

तुमची,
ताई